अक्काची बादली

कुणाच्याही वास्तुशांतीला गेली की अक्का आधी बाथरूममध्ये शिरायची. बादलीभर पाणी फरशीवर ओतायची आणि साडी घोट्याच्या वर धरून ते कुठं जातंय ते बघत उभी राहायची. आमच्या घरी ते जाळीकडं वळलंच नाही. उंबरा ओलांडून थेट नव्या सोफ्याखाली गेलं. मी सोवळं नेसून, यजमानाचा चेहरा करून उभा होतो. अक्का म्हणाली, "बाळू, सोफ्याला रोज आंघोळ घालणार हाईस व्हय?" पन्नाशी गाठलेल्या माणसाला चारचौघांत बाळू म्हणणारी ती एकटीच उरली होती.

ती माझी चुलतबहीण. डिप्लोमा करून सूतगिरणीत देखभाल विभाग सांभाळायची. गिरणी बंद पडली आणि उचगावच्या वाटेवरचं आमच्या समाजाचं मंगल कार्यालय तिच्याकडं आलं. पाणी, वीज, गटार, जनरेटर, झाडलोट सगळं तीच बघायची. किल्ल्यांचा जुडगा कमरेला असायचा. ती ओरडत असली की घरात सगळे निवांत असायचे. गप्प झाली की मात्र आम्ही देव आठवायचो, कारण अपमान ती विसरत नसे. "राग कच्चा खायचा न्हाय, पोट बिघडतंय," असं तिचं म्हणणं.

जुनं कार्यालय पाडून नवं बांधायचं ठरलं. नकाशा काढला शिरीषनं. हा माझा मेहुणा, पुण्यात शिकून आलेला आर्किटेक्ट. विश्वस्तांच्या बैठकीला घरचा माणूस म्हणून मीही होतो आणि नकाशा उलट्या बाजूनं बघत जाणत्यासारखी मान डोलावत होतो. अक्का आली, तिनं खुर्ची ओढली. शिरीष अगदी गोड आवाजात म्हणाला, "अक्का, तुमचं काम इमारत झाल्यावर. तेव्हा किल्ल्या तुमच्याच हातात देणार की. आत्ता जरा चहाचं बघता का?"

दोघंतिघं हसले. अक्का उठली. चहा आला, आलं घातलेला, झकास. जाताना ती दारातून एवढंच म्हणाली, "बरं हाय. किल्ल्यांचं ध्यानात ठेवतो."

पाया भरताना ती एकदा जाऊन सांगून आली. गटाराचं मुख्य चेंबर बरोबर लग्नाच्या स्टेजखाली येतंय, तुंबलं तर उघडणार कसं? शिरीष म्हणाला, स्टेज हा या डिझाइनचा आत्मा आहे, तो हलायचा नाही. आणि नवे पाइप तुंबत नसतात. अक्का गप्प झाली. मी मनातल्या मनात मेहुण्याला श्रद्धांजली वाहिली.

कार्यालय दिमाखात उभं राहिलं. शिरीषचे सत्कार झाले. चेंबर एकदाही तुंबलं नाही, आणि याचं कारण आम्हा दोघातिघांनाच माहीत होतं. दर सोमवारी अक्का माणसं लावून स्टेजच्या फळ्या काढायची, चेंबरात अडकलेला भात, तूप, द्रोणांचे तुकडे उपसून घ्यायची आणि फळ्या परत ठोकून घ्यायची. विश्वस्तांना सांगत का नाहीस, असं मी विचारलं.

"काय सांगू? तुंबतंय कुठं? मी हाय न्हवं." मग जुडग्यातली एक किल्ली बोटानं फिरवत म्हणाली, "त्याच्या घरचं कार्य येऊ दे की."

ते आलं. शिरीषच्या सईचं लग्न. बापानं कौतुकानं स्वतःचंच कार्यालय धरलं. त्या आठवड्यात अक्कानं रजा घेतली. फळ्या निघाल्या नाहीत. लग्नादिवशी ती ठेवणीतलं इरकल नेसून आली आणि दारात पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या शिरीषच्या तळहातावर तिनं जुडगा ठेवला.

"घे. इमारत झाल्यावर किल्ल्या, असं तूच म्हणालतास. आज मी पावणी. जेवायला आलोय."

अक्षता पडल्या. दुसरी पंगत बसली आणि हात धुवायची बेसिनं भरून वाहू लागली. घाण पाणी जेवणाच्या हॉलमध्ये शिरलं. माणसं पाय वर घेऊन जेवत होती. कोल्हापूरकर आहेत, ताट सोडत नाहीत. शिरीष फेटा सावरत अक्काकडं धावला, चेंबर कुठाय म्हणून. अक्का मठ्ठा पीत होती.

"नकाशा तुझाच हाय की," ती म्हणाली.

शिरीषनं स्टेजकडं बघितलं. वर लेक-जावई बसलेले, खाली आहेर देणाऱ्यांची रांग. त्याच्या चेहऱ्याचा रंग मी आजही विसरलो नाही. रेशमी कुर्त्यात त्यानं स्वतः पहार घेतली. मीही मदतीला धावलो, पण माझ्या हातात पहार देण्याची चूक कुणी केली नाही. फळी उचकटली, वास सुटला, व्याही नाकाला रुमाल लावून उभे राहिले. अक्कानं वाढप्याला हाक मारून आणखी एक जिलेबी मागून घेतली.

सईला मात्र त्यातलं काही भोगावं लागलं नाही. बागेकडच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या सकाळपासून झेंडूच्या माळा लावून तयार होत्या. फोटोवाल्यालाही आधीच सांगून ठेवलेलं. "पोरीनं माझं काय वाकडं केलंय?" अक्का मला म्हणाली.

पुढं पाहुण्यांच्या खोल्यांची इमारत निघाली. शिरीष कोरा कागद घेऊन अक्काच्या घरी आला. एक रेघसुद्धा मारलेली नव्हती. अक्कानं त्याला उभंच ठेवलं.

"आधी चहाचं बघ."

तो गेला स्वयंपाकघरात. चहा पिऊन, साखर कमी आहे असं सांगून मगच तिनं खुर्ची ओढली. पुढं रोज भांडणं. टाकीवर माणूस चढणार कसा, ओले पोछे वाळणार कुठं. कागदावरच्या शिडीवर ती त्याला बोटानं चढायला लावायची आणि विचारायची, "आता सांग, डोस्कं कुठं आपटलं?"

वरचा मजला व्हायच्या आत अक्का गेली. हृदयानं दगा दिला.

उद्घाटनादिवशी फीत कापायच्या आधी शिरीषनं बादली उचलली. मीही प्लॅस्टिकचा मग उचलून त्याच्या मागं चाललो. खालच्या खोल्यांत पाणी मुकाट जाळीकडं गेलं. वरच्या मजल्यावरची शेवटची बाथरूम अक्काच्या माघारी झालेली. तिथं पाणी क्षणभर थबकलं, वळलं आणि आमच्या पायमोज्यांत शिरलं.

शिरीषनं तिथल्या तिथं गवंड्याला बोलावून फरशी फोडायला सांगितलं. खाली पाहुणे फितीसमोर ताटकळलेत, असं मी म्हणालो. इतकी वर्षं पुणेरी बोलणारा माझा मेहुणा ओले मोजे काढत म्हणाला, "थांबू देत. हे असंच ठिवलं तर ती मला सोडायची न्हाय."