सोनेरी काठाचा कप

आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा मावशी त्या पेटीला उलटा हात लावून बघायच्या. पेटी म्हणजे मायक्रोवेव्ह. माझी भाजी गरम होऊन टिंग वाजलं, की हात लावून म्हणायच्या, "दमलीय बिचारी. जरा निजू दे तिला." त्यानंतरच दार उघडायचं.

मी गोंदियाकडचा. कुपवाडात एका कारखान्यात लेथवर आहे, आणि मावशींच्या घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. शिक्षण सातवी. विजेचा धडा आठवीत असावा, कारण तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. त्यामुळं पेटी घुमायला लागली की मी अंगणाच्या दारात जाऊन उभा राहायचो.

"आरं, ती काय चावतीय व्हय?"

"नाही मावशी, वारा खातोय."

"मग चपला कशापायी घातल्यास?"

मावशी जैन. दिवस बुडायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं. मी कामावरून यायचो तेव्हा अंधार पडलेला असायचा, आणि माझ्या वाटणीचं काचेच्या भांड्यात झाकून ठेवलेलं असायचं. आता तुम्हीच सांगा, भाडेकरूसाठी भाजी कोण राखून ठेवतं?

पेटी त्यांच्या मुलीनं पुण्याहून आणून दिली होती, कारण मावशी दोनदा गॅस चालू ठेवून देवळात गेल्या होत्या. ताईंनी बजावलं होतं, "आई, आता एकदा जरी काही झालं, तर या घराला कुलूप. तू माझ्याकडं यायचंस."

"मी काय पेटी हाय व्हय, उचलून न्यायला?" असं मावशी म्हणाल्या खऱ्या. पण ताईंची गाडी गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "दोघं मिळून संभाळू बाबा. मला न्हाई जायाचं हितनं." त्यांना घर सुटायची भीती, मला मावशी सुटायची.

मग आमचा कारभार सुरू झाला. स्टीलचं काही आत जायचं नाही. रिकामी चालवायची नाही. मावशींनी हौसेनं विणलेलं जाळीचं झाकण आधी काढून त्याची घडी करायची, मागची भोकं मोकळी ठेवायची. पेटीवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मी तर कामावर निघालो की गल्लीच्या टोकावरून परत यायचो, बटण बंद आहे का बघायला.

एका रविवारी ताई आल्या. तपासणीच ती. बोलता बोलता त्यांचा चहा निवला. पुण्याच्या पाहुण्या म्हणून मीच कपाटातला सोनेरी काठाचा कप काढला होता. आता आपली हुशारी दिसावी म्हणून म्हणालो, "थांबा, मी गरम करतो." कप आत ठेवला, बटण दाबलं. आणि चट्‌ चट्‌ चट्‌! आत ठिणग्याच ठिणग्या.

मी काय केलं? पळालो. "आग, आग" करत थेट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. एक चप्पल अंगणातच राहिली.

गिरणीवाल्याला घेऊन परत आलो, तर मावशी पेटीपुढं शांत उभ्या. त्यांनी बोर्डावरचं बटण बंद केलं होतं. दार उघडलं नव्हतं. उलटा हात लावून म्हणाल्या, "निवली." मग कप बाहेर काढला. सोनेरी काठ एका जागी काळा पडला होता.

मला वाटलं, संपलं सगळं. "ताई, चूक माझी आहे. मावशींना नेऊ नका, मी खोली सोडतो," म्हणताना माझा आवाज रडका झाला.

ताईंनी माझ्या अनवाणी पायाकडं बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "आई राहील इथंच. तिची काळजी मिटली माझी. आई, तूच यांना एकटं सोडू नकोस."

म्हणजे बघा, माझ्या भित्रेपणामुळं कुणाचं तरी घर राहिलं. माझ्यासारख्याच्या हातून एवढं झालं, पुष्कळ झालं.

पुढं मावशी रोज त्याच कपातून चहा प्यायच्या. आल्यागेल्याला कप दाखवून सांगायच्या, "ह्यानं घर राखलं माजं." मी शेजारीच बसलेला असायचो.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. त्याच घरात, स्वतःच्या खाटेवर. त्या संध्याकाळी मी कामावरून आलो, तेव्हाही काचेच्या भांड्यात माझी भाजी झाकून ठेवलेली होती.

ताईंनी पेटी मला दिली. कप मी मागून घेतला. आता नव्या खोलीत भाजी गरम झाली की उलटा हात लावतो, जरा थांबतो. कप डोळ्यांपुढं राहावा म्हणून पेटीवर ठेवणार होतो. पण पेटीवर काही ठेवायचं नाही. म्हणून शेजारी ठेवलाय.