कोकराची मान

वडिलांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता दोन वर्षं झाली. उजवा हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं. पण आम्ही घाबरलो ते साध्या पाण्याला. घोटभर पाजलं की असा ठसका लागायचा की डोळे लालभडक व्हायचे. नारायणगावच्या दवाखान्यात त्यांच्या नाकातून नळी घातली आणि फाइलवर एक शब्द लिहिला: डिसफेजिया.

आईनं मला तो तीनदा म्हणायला लावला. "लई मोठं दुखणं हाय का रं?"

मी शाळेत मास्तर. शब्दांचे अर्थ सांगण्यातच माझी हयात गेली, पण तिला म्हणालो, "गिळायला त्रास होतो, एवढंच." मलाही तेवढंच कळलं होतं.

नळी निघाल्यावर गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक तरुण थेरपिस्ट बाई निमगाव सावाला आमच्या घरी येऊ लागल्या. त्यांनी पाणी, चहा, सगळं पावडर घालून दाट करून द्यायला सांगितलं. पहिला चमचा तोंडात जाताच वडिलांनी तोंड वाकडं केलं.

"च्या हाय का खळ?"

दुसऱ्या चमच्याला त्यांनी ओठ मिटून घेतले. आई रडकुंडीला आली. बाईंनी कागदावर घशाचं चित्र काढलं. ही अन्ननलिका, ही श्वासनलिका. घास चुकून इकडे गेला की त्याला ॲस्पिरेशन म्हणतात, त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून हनुवटी छातीकडे घेऊन गिळायचं. वडील भिंतीकडे बघत बसले होते. मला वाटलं, त्यांच्या कानापर्यंत काही पोचलंच नाही.

मग ते एकेक शब्द जुळवत बोलले, "कोकराला... बाटलीनं दूध पाजताना... मान लई वर केली... की दूध फुफ्फुसात जातं. दोन दिसांत मरतं."

वडिलांनी उभा जन्म मेंढरं राखली. आई मेलेली कितीतरी कोकरं त्यांनी मांडीवर घेऊन जगवली होती.

बाई चित्र बाजूला ठेवून त्यांच्याजवळ सरकल्या. "मग मान कशी धरायची, बाबा?"

त्यांनी डाव्या हातानं हवेतच कोकराची हनुवटी धरली आणि अलगद खाली आणली. मग स्वतःचीही मान तशीच खाली घेतली आणि आईला म्हणाले, "दे."

तो दाट चहा त्यांनी आठ चमचे घेतला. एकदाही ठसका लागला नाही. आई पदरानं त्यांचं तोंड पुसत होती आणि आपलेच डोळे पुसायचे विसरली होती.

पुढचे चार महिने आम्ही नाचणीची आंबील, घोटलेली खिचडी, कुस्करलेलं केळं देत गेलो. खळीची तक्रार रोज व्हायची, पण मान कधी चुकली नाही. शेवटी बाईंनी भाकरी कालवणात कुस्करून द्यायला परवानगी दिली. वडिलांनी पहिला घास सावकाश चावून गिळला आणि आईला म्हणाले,

"मीठ कमी पडलंय."

आई इतक्या दिवसांनी हसली. तिनं मुद्दाम चिमूटभर जास्तच घातलं.