गाणं लागलं की हात थांबतो

कळसाडीत उखा तात्यांची पाण्याची टाकी भरली की अख्ख्या गल्लीला कळतं, कारण ती टाकी गाते. गच्चीवरच्या डबीतून कानबाई देवीच्या गाण्याची चाल पिपाणीच्या आवाजात वाजू लागते आणि समोरच्या ओट्यावरची माणसं एकमेकांना सांगतात, चला, तात्यांची आंघोळ आता होणार. गोठ्यातला पंखा सुरू होताना तीच चाल वाजते. दारावरची बेलही तीच. म्हशीला विचारलं असतं तर तिनंही म्हणून दाखवली असती.

तात्यांना गाण्याशिवाय काही करता येत नाही, आणि गाताना तर मुळीच काही करता येत नाही. ही जन्माची खोड. लहानपणी कापूस वेचायला नेलं की सूर लागायचा आणि हात बोंडावर जागच्या जागी थांबायचा. पुढे पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात वायरमन म्हणून लागले, तर शिडीवर चढून हातात पक्कड घेऊन हा माणूस डोळे मिटून गातोय, असं दृश्य वरचेवर दिसायचं. त्यांचे वरिष्ठ उमाकांत साहेब स्वतः पेटी वाजवायचे, म्हणून निभावलं. खालून ते एवढंच म्हणायचे, "उखाजी, कडवं संपलं की स्क्रू आवळा." सगळी नोकरी अशीच गेली. तक्रार कुणाचीच नव्हती, कारण गाणं नसेल तेव्हा तात्यांचा हात सोन्याचा.

निवृत्त झाल्यावर हा सोन्याचा हात घरात रिकामा बसला आणि बायको अनुसयाबाईंच्या मिक्सरपासून शेजाऱ्यांच्या मोटारपंपापर्यंत कशाचीच धडगत राहिली नाही. शेवटी सून, भूपेशची बायको दीपमालानं कपाटातून आपलं डिप्लोमाचं सामान काढून सासऱ्यापुढे ठेवलं. ती शहाद्याच्या एका शाळेत संगणक शिकवते. त्या सामानात बोटाएवढा एक हिरवा बोर्ड होता, त्यावर काळी चिप. याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, यात आपण लिहून घातलेलं हे ऐकतं, असं तिनं सांगितलं. सांगितलेलं ऐकणारं या घरात कुणीतरी आलं, याचाच तात्यांना केवढा आनंद. गुळाला मुंगळा चिकटावा तसे ते त्या बोर्डाला चिकटले. गाणारी टाकी, गाणारा पंखा, गाणारी बेल ही सगळी त्या काळ्या चिपची पिलावळ.

यंदाच्या श्रावणात मात्र त्यांच्यावर खरं काम येऊन पडलं.

थंडीत अनुसयाबाई अंगणात पडल्या आणि त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, खांदा हलता ठेवा, पण झटका बसू देऊ नका. वेणी, भाकरी, धुणं ही कामं हातून हळूहळू सुटत गेली. बाई कामाला हटणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं बंद झालं. मोकळ्या गळ्यानं त्या गायच्या, ते घरोट फिरवताना. घरोट म्हणजे जातं. आता ते फक्त कानबाईपुरतंच फिरायचं. श्रावणात कानबाई घरी बसते, भाऊबंद जमतात, आणि घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू दळून त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या होतात. या घरात ते गहू घरच्याच घरोटावर आणि थोरल्या बाईच्या हातानंच दळले जायचे. सासूबाई गेल्यापासून तो हात अनुसयाबाईंचा होता.

दीपमालानं म्हटलं, मी फिरवते, तुम्ही नुसता खुंट्याला हात लावा. तसं करूनही पाहिलं. पण माणसाच्या हाताला कमी-जास्त झटका असतोच. दुसऱ्याच फेऱ्याला अनुसयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी हात काढून घेतला. गिरणीचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "गिरनीना पीठना रोट कानबाईले? मन्हा हातथीन ते व्हवाव नही. मन्हा हात चालत नही, ते औंदा कानबाई धाकली जाऊना घर बसू द्या."

हे त्या चिडून बोलल्या नाहीत, शांतपणे बोलल्या, आणि तेच तात्यांच्या काळजाला लागलं. कानबाई दुसऱ्या घरी बसली तर हिच्या हातातलं घरोट कायमचं सुटलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी टाकी भरेपर्यंत ते घरोटापाशी बसून राहिले. टाकी भरल्यावर म्हणाले, "भूपेसनी माय, तू घरोट फिरवू नको. घरोटच तुन्हा हात फिरवी."

मग भंगारातून टेम्पोच्या वायपरची मोटार आली. तिला जोर भरपूर आणि घाई बेताची. घरोटाच्या वरच्या तळीभोवती सायकलची रिंग बसली, रिंगवरून पट्टा मोटारीला गेला. राहिला वेग. मोटार सोडली तशी घरोट पळू लागलं. त्या वेगानं खांदाच काय, बाईच उचलली गेली असती.

इथं ती चिप कामाला आली. दीपमालानं सांगितलं, मोटारीला वीज कमी करून द्यायची नाही, पुरतीच द्यायची. पण सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करायची. चालूचा वाटा वाढवला की मोटार जोरात, घटवला की हळू. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. तात्यांना हे लगेच पटलं. पाळण्याची दोरी कुणी सतत ओढून धरत नाही. मध्ये मध्ये जरा ओढायची, पाळणा आपला हलत राहतो. त्यांनी बोर्डाच्या तीन नंबरच्या पायावरून, म्हणजे पिनवरून, मोटारीची वायर काढली, वेगासाठी रेडिओचं जुनं बटण बसवलं, आणि गोठ्यात करून पाहिलं. बटण फिरवावं तसं घरोट फिरलं, आणि इतकं हळू की म्हैससुद्धा बघत राहिली.

इथंच थांबले असते तर ते उखा तात्या कसले. कानबाईच्या गव्हाला गाणं नको? दळण सुरू असेपर्यंत सारखी वाजत राहावी अशी चाल त्यांनी त्याच चिपमध्ये घातली आणि वेगळ्या पायावर शिट्टीची डबी जोडली. डबी घुमली, चाल बरोबर लागली, तात्या खूश झाले. मोटार त्या वेळी सोडवून ठेवलेली होती, एवढंच.

शनिवारी सकाळी, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, घरोट मधल्या घरात मांडलं. सारवलेल्या जागेवर पांढरं धोतर, त्यावर घरोट, शेजारी सुपात निवडलेले गहू. अनुसयाबाई नवं लुगडं नेसून बसल्या आणि त्यांनी भीत भीत उजवा हात खुंट्यावर ठेवला. तात्यांनी चालूचं बटण दाबलं.

चाल सुरू झाली. घरोट जागचं हललं नाही.

"बॅटरी बसनी व्हई," तात्या म्हणाले आणि ट्रॅक्टरची बॅटरी उचलून घेऊन आले. चाल आणखी जोरात वाजली. घरोट ढिम्म. मोटारीला वीज सोडणारा ट्रान्झिस्टर गेला असेल म्हणून तो बदलला. बॅटरीची आणि बोर्डाची काळी वायर एकत्र नसेल तर असंच होतं, म्हणून ती उकलून पुन्हा पिळली. पट्टा काढून मोटार मोकळी केली. मोटार नुसती बसून राहिली आणि डबी आनंदानं वाजत राहिली. अखेर तात्यांनी मीटर काढला आणि तीन नंबरच्या पायावरच टेकवला. वेगाचं बटण निम्म्यावर होतं, म्हणजे काटा निदान दोन-अडीच व्होल्टवर हवा. तो शून्यावर पडून होता.

म्हणजे खोट मोटारीत नव्हती, बॅटरीतही नव्हती. चिपच काही देत नव्हती. तात्या कपाळाचा घाम पुसून खाली बसले. दुसरा बोर्ड मागवायचा तर चार दिवस, आणि कानबाई उद्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या चालीचा राग आला.

"ऱ्हाऊ द्या आते," अनुसयाबाई हळूच म्हणाल्या. "जाऊले फोन करी देवा." पण खुंट्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता. तात्यांनी पट्टा परत चढवलेला होता, डबी वाजतच होती. चालीचा एक फेरा संपला, डबी क्षणभर गप्प झाली, आणि अनुसयाबाईंच्या भुवया वर गेल्या. दुसरा फेरा संपेपर्यंत त्या खुंट्याकडेच बघत राहिल्या. तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी त्यांना हसू आवरेना.

"आयकतस का," त्या म्हणाल्या, "हाई तुम्हनंच लेकरू शे. गानं लागनं का हात थांबस. गानं थांबनं का जरासं सरकस. मन्हा हातले समजी ऱ्हायनं."

तात्यांनी डोळे फाडून पाहिलं. खरंच. चाल सुरू, घरोट बंद. दोन फेऱ्यांमधल्या शांततेत घरोट बोटभर पुढे सरकायचं आणि चाल लागली की पुन्हा डोळे मिटून उभं. दीपमाला इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडावर धरून उभी होती. ती आता खाली बसून मोठ्यानं हसली आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"मन्ही चूक शे, तात्या," ती म्हणाली. "मी सांगालेच भूलनी." चिपच्या आत वेळ मोजणारी तीनच घड्याळं असतात, तिनं समजावलं. मोटारीची चालू-बंद एका घड्याळावर चालते, गाण्याचे सूरही घड्याळावरच मोजले जातात. तीन नंबरचा पाय आणि गाणं, दोघांच्या वाट्याला नेमकं एकच घड्याळ आलेलं. गाणं सुरू झालं की ते घड्याळ ओढून नेतं आणि मोटार बिचारी वाट पाहत बसते. चिप शाबूत होती. जशी लावली तशी वागत होती.

"आते गानं काढीसन दखा," दीपमाला म्हणाली.

तात्यांनी डबीची वायर उपटली, गाण्याच्या ओळी मिटवून प्रोग्राम पुन्हा चढवला आणि बटण दाबलं. घरोट हललं. एक सावकाश फेरा, मग दुसरा. अनुसयाबाईंचा हात खुंट्याबरोबर पुढे गेला, बाजूला गेला, मागे आला. त्या दात आवळून बसल्या होत्या, कळ येईल म्हणून. कळ आली नाही. डाव्या हातानं त्यांनी गव्हाची पहिली मूठ घरोटाच्या तोंडात टाकली, आणि थोड्याच वेळात धोतरावर पिठाची रेघ उमटली. तात्यांना इतकं बरं वाटलं की त्यांना काय करावं ते सुचेना.

घरात फक्त दगडाची घरघर होती. ही शांतता तात्यांना सोसवेना. दीपमालाला ते दिसलं असावं. ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "मोटारनी वायर तीनवरथीन नऊवर लावा, प्रोग्राममाबी तसंच करा नि गानं परत टाका. तठलं घड्याळ येगळं शे. मंग गानंबी वाजी आनि घरोटबी चाली."

एवढंच होतं तर. तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी एका हातात पेचकस घेतला, दुसऱ्या हातात डबी, आणि बोर्डावर वाकले.

तेवढ्यात अनुसयाबाईंनी सूर लावला.

आधी नुसतंच गुणगुणल्या, घरोटाचा वेग अजमावल्यासारख्या. मग शब्द आले, कानबाईला नदीवरून घरी आणायचं तेच गाणं, तात्यांच्या डबीत होतं तेच. थंडीपासून या घरानं तो आवाज ऐकला नव्हता. आवाज थोडा घोगरा झाला होता, एका जागी फाटलाही, आणि तरी पिपाणीच्या सुराची त्याच्यापुढे काय मजाल. दीपमाला सासूसमोर येऊन बसली, तिनंही खुंट्याला हात लावला आणि झील धरली. ओट्यावरची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

तात्या वाकलेले तसेच होते. पेचकस हातात, डबी हातात, वायर तीन नंबरवरच. त्यांचे डोळे मिटले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

कडवं संपलं. अनुसयाबाईंनी श्वास घेतला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हना हात थांबना ना? मन्हा दखा, चाली ऱ्हायना."

तात्यांनी डबी खिशात टाकली, पेचकस खाली ठेवला, आणि सुपातली पुढची मूठ भरून बायकोपुढे धरली.