दाराबाहेरचा फोटो

आमच्या मंडळाला दाराची फार काळजी. मंडळ म्हणजे गणपतीचं नव्हे. सातारा-सांगलीकडच्या पुरुषांनी एकमेकांना 'बंधू' म्हणायचं, महिन्यातून एकदा गळ्यात निळे पट्टे घालायचे आणि साताऱ्याच्या हॉलमध्ये दार लावून बसायचं, असं ते मंडळ आहे. कुणी ऊसवाला, कुणी कराडचा व्यापारी, कुणी वकील, आणि बरेचसे माझ्या नवऱ्यासारखे फौजेतून निवृत्त झालेले. फार पूर्वी कुणी एक सुभेदार कुठल्याशा छावणीतून ही रीत घेऊन आला, असं सांगतात. मी 'आमचं मंडळ' म्हटलं की त्यांना हसू येतं, कारण बायकांना सभासद होता येत नाही. पण इतकी वर्षं ज्यांच्या जेवणाचा पावटा मी सोलला, ते मंडळ माझं नसेल तर कुणाचं, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगावं.

तर दार. सभेची वेळ झाली की सगळे बंधू आत जातात आणि दार आतून लागतं. बाहेर व्हरांड्यात द्वारपाल उभा राहतो. त्याच्या गळ्यात पट्टा आणि हातात चांदीच्या मुठीची काठी. मग आतून अध्यक्ष मोठ्याने विचारतात, "दाराबाहेर हुकूम कुणाचा?" आणि द्वारपाल बाहेरून तितक्याच मोठ्याने सांगतो, "द्वारपालाचा. अध्यक्षांचाही नाही." एवढं झाल्याशिवाय आतलं कामकाज सुरू होत नाही. आतलं सगळं अध्यक्षांचं, बाहेरचं सगळं द्वारपालाचं, अशी वाटणी. कुणी हे शब्द मनावर घेतले असतील असं मला कधी वाटलं नाही. आरती म्हणताना आपण कुठे प्रत्येक ओळीचा अर्थ लावत बसतो?

द्वारपाल माझा नवरा. त्याला 'आमचे हे' वगैरे म्हणायची मला सवय नाही. ज्याचा आवाज मोठा आणि जो वाद घालत नाही, त्याच्या गळ्यात हे काम पडतं, आणि एकदा पडलं की निघत नाही. नवऱ्याचा आवाज मेढ्याच्या वरच्या डोंगरात गुरं हाकताना तयार झालेला आहे. नियमात 'नाही' असं आहे, तो 'न्हाई' म्हणतो. वाद मात्र तो खरंच घालत नाही. ते खातं घरात माझ्याकडे आहे.

मी मूळची माधवनगरची. सांगलीत पोस्टाच्या काउंटरला बसून निवृत्त झाले आणि मग साताऱ्यात राहायला आले. निवृत्तीला मुलीने कॅमेरा दिला. तिला वाटलं, आई नातवंडांचे फोटो काढील. मी काढले, पण नातवंडं सारखी तोंड वेडावतात. मग मी बाहेर पडले. मेढ्याच्या बाजारात पोत्यावर भाजी मांडून बसलेल्या बाया, सांगलीच्या पेठेत हळदीने कोपरापर्यंत पिवळे झालेले हात, कराडच्या स्टँडवर पिशवीवर डोकं टेकून झोपलेलं माणूस. सुरुवातीला माझे निम्मे फोटो हललेले यायचे आणि उरलेल्यांत माझं बोट असायचं. हळूहळू उजेड कळायला लागला. लोक विचारायचे, बाई, हे कशासाठी, पेपरात येणार का? नाही म्हटलं की त्यांचा उत्साह जायचा, आणि तोंडं सैल पडायची. मला नेमकं तेच हवं असायचं. नवरा म्हणायचा, त्या म्हातारीच्या पाठीचा फोटो काढून काय मिळतं? मी म्हणायचे, पाठ मिळते.

मंडळाला फोटोग्राफर हवाच होता आणि मी फुकटची होते. शिवाय द्वारपालाची बायको, म्हणजे घरातलीच. तेव्हा वर्षातून एकदा मला आत घ्यायचं ठरलं, फक्त गटफोटोपुरतं. दार लावून, जाड पडदे ओढून, ट्यूबलाइटखाली सगळे बंधू मानाप्रमाणे बसायचे. पुढच्या रांगेत खुर्च्या, मध्ये अध्यक्ष, हात गुडघ्यांवर. त्या उजेडात एकजात सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसायची. पडदे उघडा म्हटलं तर चालायचं नाही. आणि दार बंद असताना द्वारपाल बाहेरच असला पाहिजे, हा नियम. म्हणजे इतक्या वर्षांच्या गटफोटोंत माझा नवरा एकातही नाही. हे माझ्याही लक्षात फार उशिरा आलं. त्याच्या लक्षात ते कधीचंच आलं होतं, पण तो बोलला नव्हता.

एका वर्षी थंडीत वार्षिक जेवणाच्या दिवशी मी गटफोटो काढून बाहेर आले आणि मागे दार लागलं. व्हरांड्यात ऊन तिरपं आलं होतं. सतरंजीवर बायका पावट्याच्या शेंगांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याने काठी भिंतीला टेकवली होती, पट्टा पोटात येतो म्हणून मागे पाठीवर टाकला होता आणि पायरीवर बसून तो शेंगा सोलत होता. त्याचे गुडघे दुखतात, आणि फौजेच्या लंगरात, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, हात रिकामा ठेवायची सवय मोडलेली आहे. खजिनदारांची बायको काहीतरी म्हणाली. नवरा तोंड उघडून हसला, आणि ती मान मागे टाकून हसली. मी 'इकडे बघा' म्हटलं नाही. फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला.

पुढे मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला. हॉलच्या भिंतींवर फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरलं. मी सांगलीला जाऊन मोठे प्रिंट करून आणले आणि टेबलावर मांडले. अध्यक्ष म्हणजे सांगलीतले वकील, एरवी आवाज कधी न चढवणारे. गटफोटो बघून ते खूश झाले. व्हरांड्यातले फोटो त्यांनी भराभर बाजूला केले, आणि शेंगा सोलणाऱ्या द्वारपालाचा हातात आला तेव्हा तो पालथा ठेवला.

"वहिनी, हा लावायचा नाही. आणि कॅमेऱ्यातूनही पुसून टाका."

मी कारण विचारलं. त्यांचं म्हणणं, द्वारपालाने काठी सोडून बायकांत बसणं हा पदाचा अपमान आहे, पाहुणे येणार, त्यांनी काय समजायचं? मी म्हटलं, जेवणात पावटा होता असं समजतील. ते हसले नाहीत. खाली वाकून, अगदी माझ्याच भल्याचं सांगितल्यासारखं म्हणाले की, पुढच्या वर्षी अध्यक्षपदासाठी माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायचं जवळपास ठरलं आहे, आता उगीच अडचण नको.

मला राग आला. फोटो नको म्हणाले याचा नाही. फोटो कुणालाही नको असू शकतो. पण माझ्या नवऱ्याची इच्छा चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवली, याचा आला. कारण त्याची ती इच्छा होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. डोंगरातून आलेला हा फौजेतला हवालदार मधल्या खुर्चीवर बसून एकदा फोटो काढून घ्यायला फार आतुर होता. त्यासाठी त्याने कोटसुद्धा शिवून कपाटात ठेवला होता. मधून मधून तो काढून झटकायचा आणि कसर लागू नये म्हणून बघतोय असं सांगायचा. मी प्रिंट गोळा केले आणि घरी आले.

नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यात एक शब्द गाळला नाही, खुर्चीचाही. मग म्हटलं, मी हा फोटो पुसणार नाही. मंडळाने सांगितलं तरी नाही, अध्यक्ष घरी आले तरी नाही. तुम्हाला खुर्ची हवी असेल तर स्पष्ट सांगा, मी तो कपाटात ठेवीन आणि कुणाला दाखवणार नाही. पण पुसणार नाही, कारण त्या हॉलमध्ये तुम्ही होतात याला दुसरा पुरावा नाही.

त्याने फोटो मागितला. खिडकीपाशी नेला, लांब धरला, जवळ धरला.

"मी आसा हसतो व्हय?" एवढंच म्हणाला. मग तो खाली ठेवून टाकीत पाणी चढवायला निघून गेला. मोटार चालू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो परत आला नाही. त्याला काय हवं होतं ते मला कळलं नाही, आणि मला भीती वाटली हे कबूल केलं पाहिजे. तो 'ठेव कपाटात' म्हणाला असता तर मी ठेवला असता, आणि आयुष्यभर त्याच्यावर चिडले असते.

दुसऱ्या दिवशी खजिनदारांच्या बायकोचा फोन आला. खजिनदारांकडून तिला सगळं कळलं होतं. तिने आडवळण घेतलं नाही.

"ताई, माझं समदं फोटू कुणाच्या तरी शेजारी हुबं ऱ्हाऊन काढल्यात. ह्यो एकच माझा हाय. पुसू नगा."

मी तिला शब्द दिला. मग बसून विचार केला. आतल्या भिंती अध्यक्षांच्या, ठीक आहे. तिथे लावा तुमची कावीळ. बाहेरच्या भिंती कुणाच्या आहेत, हे तर दर महिन्याला ओरडून सांगितलं जातं. मी व्हरांड्यातल्या फोटोंच्या फ्रेमा करायला टाकल्या.

सुवर्णमहोत्सवाच्या सकाळी मी लवकर जाऊन व्हरांड्यात खिळे ठोकायला लागले. एकेक फोटो भिंतीवर चढला: बाहेर काढलेल्या चपलांचा ढीग, गाडीत पेपर तोंडावर घेऊन झोपलेला ड्रायव्हर, तळहातावर आमटी घेऊन चव बघणारा आचारी, शेंगांवर वाकलेल्या बायकांच्या पाठी. नवरा मागून आला. त्याने कोट घातला होता. अध्यक्ष झाल्यावर घालायचा तो. त्यावर निळा पट्टा. मी बघतच राहिले, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खिळा वाकडा जातोय म्हणाला, माझ्या हातातला हातोडा घेतला आणि उरलेली फ्रेम, ती शेंगांची, दाराला लागून, डोळ्यांच्या उंचीवर त्यानेच लावली.

अध्यक्ष आले आणि थबकले. पाहुणे यायच्या आत हे उतरवा, असं त्यांनी नवऱ्याला हळू आवाजात सांगितलं. नवऱ्याने काठी सरळ धरली.

"आत चला सायेब. येळ झाली."

बंधू एकेक करून चपला काढत होते आणि फ्रेमांकडे बघत होते. एकाने आपल्या गाडीचा ड्रायव्हर ओळखला आणि त्याला हाक मारून बोलावलं. खजिनदार आपल्या बायकोच्या फोटोसमोर जरा जास्तच वेळ थांबले. मग सगळे आत गेले आणि दार लागलं.

नेहमी दार लागल्या लागल्या प्रश्न येतो. त्या दिवशी येईना. सतरंजीवरच्या बायकांचे हात थांबले. आत कुणीतरी खोकलं, एक खुर्ची सरकली. रीतच अशी होती की, तो प्रश्न अध्यक्षांनाच विचारावा लागणार होता, आणि तो विचारल्याशिवाय सुवर्णमहोत्सव सुरू होणार नव्हता. वकीलच ते, उत्तर काय येणार हे त्यांना आधीच माहीत होतं. नवरा दाराकडे तोंड करून ताठ उभा होता.

शेवटी आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "दाराबाहेर हुकूम कुणाचा?"

"द्वारपालाचा," नवरा म्हणाला. डोंगरातला सगळा आवाज त्याने लावला होता. "अध्यक्षांचाबी न्हाई."

आत सभा सुरू झाली. नवऱ्याने काठी भिंतीला टेकवली, नवा कोट चुरगळेल याची पर्वा न करता पायरीवर बसला आणि ढिगातल्या शेंगा पुढ्यात ओढल्या. खजिनदारांची बायको पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती.

पुढच्या वर्षी खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. ती मिळणार नाही हे कोट घालतानाच त्याला ठाऊक होतं, असं मला वाटतं. मी विचारलेलं नाही. द्वारपाल अजून तोच आहे आणि फ्रेमा अजून तिथेच आहेत. धूळ मी पुसते. गटफोटोला आता मला बोलावत नाहीत, अध्यक्षांचा भाचा मोबाइलवर काढतो. न बोलावू देत. मी कॅमेरा घेऊन जातेच, आणि दार लागलं की पायरीसमोर बसते. तसाही उजेड बाहेरच चांगला असतो.