आज्याची मांडी

नेत्राला ऑस्ट्रेलियाला जायचं होतं आणि ते तिने कधी लपवलं नाही. आमच्या उमेळे गावात माणसं असली गोष्ट व्हिसा हातात पडेपर्यंत पोटात ठेवतात. कोणाची नजर कधी लागेल याचा नेम नाही. ही मात्र कपडे वाळत घालता घालता कुंपणापलीकडून मला सांगायची, "काकी, या वाडीत उद्या टॉवर उभा राहिला तरी मला काय? मी नसणारच इथे."

मला तिचा थोडा रागच यायचा. पण तिचं चुकत होतं असंही म्हणवत नसे. आचोळ्याच्या कोकणी नोकरदारांच्या घरातली मुलगी, नर्सिंगची डिग्री घेतलेली, वसईतल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूत सिस्टर. चार जणींचं काम एकटीने करायचं, वर नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. एकदा पेशंट दगावला म्हणून त्याच्या मुलाने तिच्या कानाखाली मारली, आणि हॉस्पिटलने तिलाच माफी मागायला लावली. त्या दिवसापासून तिने जायचं मनावर घेतलं. इंग्रजीच्या परीक्षेत एकदा आपटली, पुन्हा बसली, पास झाली. तिकडची नर्स म्हणून नोंदणी झाली, तिकडच्याच एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलने नोकरी देऊ केली. नवरा मयूर आणि सहा वर्षांची मीरा, दोघांनाही बरोबर नेता येणार होतं. तिघांची मेडिकल तपासणी तेवढी राहिली होती.

पण त्याआधीच्या वर्षात काय झालं ते सांगायला हवं. त्यातलं बरंचसं मला मागाहून कळलं.

तिचे सासरे तुळशीदासभाऊ. केळी आणि पानवेलीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांना खोकला लागला. त्यांची बायको प्रेमलावहिनी सगळ्यांना सांगायच्या, बाजूच्या बिल्डिंगच्या सिमेंटची धूळ आहे. बिल्डिंग खरंच चढत होती, त्यामुळे आम्हाला कोणाला शंका आली नाही. नेत्राला आली. तिने थुंकी तपासून घेतली आणि टीबी निघाला.

टीबी बरा होतो, औषध सरकारात फुकट मिळतं, हे काय नेत्राला कोणी शिकवायला हवं होतं? पण नणंदेचं, भाविकाचं, लग्न ठरत आलं होतं. आणि आमच्याकडे स्थळ पक्कं होण्याआधी जी चौकशी होते ती पोलिसांनाही जमायची नाही. मुलाकडचे आधी किराणावाल्याला विचारतात, मग देवळातल्या गुरवाला, मग शेजारणींना. घरात टीबी आहे एवढं कानावर गेलं की मुलगी कितीही गुणाची असो, निरोप येतो, "पत्रिका जुळत नाही." हसतमुखाने येतो मेला.

सरकारी औषध घ्यायचं तर नाव-पत्ता द्यावा लागतो. मग आरोग्य सेविका घरी येते, घरातली लहान मुलं तपासते, त्यांना काही होऊ नये म्हणून आधीच गोळ्या सुरू करते. ती कुठल्या दारात थांबली हे उमेळ्यात दिवेलागणीपर्यंत सगळ्यांना माहीत. तेव्हा प्रेमलावहिनी सुनेला म्हणाल्या, "तुज्या माहेरचा पत्ता दे. आचोळ्याच्या बिल्डिंगीत कोन कोनाला वळखतं?"

नेत्राने दिला. आचोळ्याला सेविका गेली तेव्हा नेत्राच्या आईने दार अर्धं उघडून सांगितलं, औषध चालू आहे, घरात लहान मूल नाही. त्या घरात नव्हतंच.

बाकी नेत्राचा कारभार कडक. भाऊंना मागची खोली, खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, आणि मीराला त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला बंदी. पोर दाराबाहेर बसून आज्याशी गप्पा मारायची. "हिनं आयसीयू घरीच आणलंय," म्हणून भाऊ कुरकुरायचे, पण ऐकायचे.

मग मुलाकडचे बघायला आले. गोळ्या सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. मी होते तिथे. पोहे मीच केले होते. भाऊ दिसेनात तशी मुलाची आई दोनदा विचारती झाली, "यजमान कुठे? बरं नाही का त्यांना?" प्रेमलावहिनींचं तोंड उतरलं. शेवटी भाऊ बाहेर आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, मास्क नाही. पडवीतल्या बाकावर बसले. इतके वाळले होते की सदरा खांद्यावर ठरत नव्हता, आणि ती बाई त्या खांद्याकडेच बघत होती.

नेत्राने मीराला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मला ते किती गोड वाटलं होतं! मीरा आज्याच्या गळ्यात पडली, त्याच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला, शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. मुलाची आई हसली. नातीला मांडीवर खेळवणारा माणूस आजारी कसा असेल? भाऊ खोकला गिळत होते. गिळून गिळून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आम्ही समजलो की लेक सासरी जाणार म्हणून भरून आलंय. नेत्रा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला होता, तो का, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे याद्या झाल्या, साखरपुडा झाला. दर वेळी विहीणबाई म्हणायच्या, "कुठे गेली आजोबांची लाडकी?" आणि मीरा मांडीवर जायची. लग्नाच्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलं. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. संडास एकच, कोणी पाहिलं म्हणजे? भाऊंनी कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. लग्न थाटात झालं, मागोमाग खोकला परत आला, औषध लांबलं. पण शेवटी भाऊ खडखडीत बरे झाले, अंगावर मांस चढलं, आणि नेत्राचा जीव भांड्यात पडला.

मग ती मेडिकल. मुंबईत ठरवून दिलेल्या क्लिनिकात तिघं गेले. नेत्राची छाती स्वच्छ, मयूरची स्वच्छ. लहान मुलांचं तिथे आधी रक्त बघतात. मीराच्या रक्तात दोष निघाला म्हणून एक्स-रे काढला. नेत्राने स्क्रीनकडे एकदाच पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला टीबी होता का?" ती मीराच्या फ्रॉकची बटणं लावायला लागली. मयूरने सांगितलं, "माझ्या वडिलांना."

व्हिसा नाकारला नव्हता. उपचार पुरे करा, मग बघू, असं होतं. पण त्या हॉस्पिटलला नर्स ताबडतोब हवी होती. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि दुसरी घेतली. नेत्राने त्याचं दुःखही केलं नाही, त्याचीच मला भीती वाटली. ती येऊन माझ्या ओट्यावर बसली आणि सगळं सांगितलं. "काकी, मीराला मांडीवर ठेव असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आईंनीसुद्धा नाही. मी तिला स्वतः उचलून ठेवलं. मला सगळं माहीत होतं आणि मी ठेवलं." एरवी माझी जीभ थांबत नाही. त्या दिवशी उठून चहा तेवढा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी प्रेमलावहिनी मीराच्या औषधावरून तिला समजावत होत्या, माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. "भाविकाला दिवस गेलेत. तिच्या सासूला कळलं तर पोरीला दारात उभी करील का ती? आचोळ्याचा पत्ता दे गो. एकदा दिलाच होता नं?"

"भाविकालाही तपासायला हवं, आई," नेत्रा म्हणाली. "मी तिला फोन केलाय. तिच्या सासूबाईंनाही केलाय."

प्रेमलावहिनी तिथेच पायरीवर बसल्या. पदर तोंडात कोंबून रडल्या.

आरोग्य सेविका पुढच्या दाराने आली. नेत्राने फाटक सताड उघडून ठेवलं होतं. रस्त्यावरचे थांबून बघत होते, मीही बघत होते. सेविकेने पडवीत मीराचं वजन केलं, पाण्यात गोळी विरघळवून पाजली. पोरीने तोंड वाकडं केलं, रडायला लागली आणि सवयीने आज्याकडे धावली, त्याच्या गुडघ्याला धरून वर चढायला लागली.

भाऊंपासून आता तिला कसलाच धोका नव्हता. सेविकेनेही तसं सांगितलं. तरी ते बाकावरून उठले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. "नको बाय," ते म्हणाले, "आज्याकडं नको."

मीराला काही कळेना. ती आईकडे वळली आणि दोन्ही हात वर केले.

"तू ठेव ना मला," ती म्हणाली. "तेव्हा ठेवलंस तसं."