लाल शाईतली ओळ

शनिवार, ११ मार्च. ओहोटी सकाळी सव्वानऊला. स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी लाल रंगाचा डबा आणला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत आपला किनारा छापून आला आहे. लेखक आमचा भाचा. लाल ओळ गाळली आहे.

एवढं लिहून काकूंनी वही अशी मिटली की टेबलावरचा चष्मा खाली पडला. बावीस वर्षं त्या रोज त्या किनाऱ्यावर जात होत्या आणि पाहिलेलं टिपून ठेवत होत्या. ओहोटीला खडकालगत वाळू उकरली की ओंजळभर गोडं पाणी लागतं. खेकडे वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी मांडतात. नखाएवढे गुलाबी शिंपले फक्त उत्तरेच्या टोकाला सापडतात. भाच्याने आठवडाभरासाठी वह्या मागून नेल्या आणि सगळं जसंच्या तसं उतरवलं. सोडली ती लाल शाईतली एकच ओळ: काळ्या खडकापलीकडे पाण्यात उतरू नये, आत ओढ आहे. ती ओळ लिहिली त्या दिवशी नावाड्याने काकूंच्या यजमानांना तिथूनच बाहेर काढलं होतं. फार उशिरा.

त्यांनी भाच्याला फोन लावला.

"अगं मावशी, लोक घाबरतील म्हणून नाही घातलं."

"घाबरायलाच हवेत! खेकडे चालतात, शिंपले चालतात, आणि तुझे काका तेवढे नकोत?"

"पुढच्या शनिवारी खुलासा छापतो ना."

"समुद्र तुझ्या शनिवारची वाट बघत बसणार आहे का रे? उद्या सकाळी नऊला इथे ये. जुने कपडे घालून ये."

रविवारी दोघं रंगाचा डबा घेऊन पोहोचले तर एक बाई पुरवणीचं कात्रण हातात धरून काळ्या खडकाच्या पलीकडे निघालेली. पुढे तिच्या दोन मुली, घोटाभर पाण्यात. काकूंनी चपला तिथेच टाकल्या आणि सत्तरी उलटलेल्या पायांनी धावत सुटल्या.

"मागे फिरा! आधी मागे फिरा, मग काय भांडायचं ते भांडा!"

बाईने मुलींना ओढून घेतलं, पण ती भडकलीच. "किनारा काय तुम्ही विकत घेतलाय? यात तर असलं काहीच लिहिलेलं नाही."

"लिहिणारा हा उभा आहे. त्यालाच विचारा."

भाचा पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिला. होडीतून नावाडी ओरडला, "काकू, याला एक बुडी देऊ का?"

"नको. एखादी जुनी फळी दे."

त्या फळीवर भाच्याने ती ओळ शब्दन्‌शब्द रंगवली. काकू त्याच्या मागेच उभ्या होत्या. "जाड काढ. लांबून दिसलं पाहिजे." फळी खडकाशी ठोकून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "मावशी, अजून रागावली आहेस?"

"हो."

"किती दिवस?"

"फळी टिकेल तोवर," काकू म्हणाल्या आणि चपला शोधायला गेल्या.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: ओहोटी दहा वाजून पाच मिनिटांनी. लाल रंग संपला. स्वयंपाकघराची खिडकी रंगवायची राहिली.