कानातला बोळा

घरात एक परीक्षा देणारा असला की किस्से पिंजलेल्या कापसासारखे वाढतात. मूठभर म्हणता म्हणता घर भरते.

विलायतेत आपल्या कापसाला भाव आला, तशी लोक त्यात सरकी, पाणी, अगदी दगडही मिसळू लागले. म्हणून अमरावतीच्या बाजारात परवानेवाले पारखी नेमायचे ठरले. परीक्षा अशी की डोळे बांधून, नुसत्या हाताने माल ओळखायचा. आमचे हे अन् शेजारचे किसनभाऊ बसणार होते. परवाना मिळाला तर हे घरी. नाही तर कापसाच्या गाड्यांसंगे मुंबईची वाट. पोर माझी अंगावरची. मला घास गोड लागेना.

०

एका सकाळी सासूबाईंना उशी हलकी लागली.

“काहून रे, माही उशी उसवली?”

“नमुना घेतला, माय. जरी जातीचा आखूड धाग्याचा कापूस हाय, अन् मधात सरकी.”

“मंग लांब धाग्याचा बनी आणून दे. लगनापासून सरकीवरच निजून राहिली मी.”

०

किसनभाऊ आमच्याकडे सरावाला डोळे बांधून बसले होते. ह्यांनी त्यांचा हात धरून मामंजींच्या दाढीवर ठेवला. किसनभाऊंनी नीट चोळून पाहिले.

“माल जुना हाय. धागा आखूड, अन् तंबाखूची भेसळ.”

मामंजी म्हणाले, “माल अजून बोलते, किसन.”

०

मग ह्यांची पाळी. मी पोरीचे दुपटे हातात दिले.

“पाणी मारलं हाय,” हे लगेच म्हणाले.

“तुमच्याच पोरीनं.”

०

परीक्षेच्या सकाळी बोचरा वारा होता. मला वाऱ्याचे भारी भय. पोरीच्या कानात घातले तसे ह्यांच्याही कानात कापसाचे बोळे घातले, वर फेटा.

पुढचे किसनभाऊंनी सांगितले. ह्यांचे डोळे बांधले. परीक्षा घेणाऱ्या गोऱ्या साहेबाचा मुनशी विचारतो, हे गप्प. मुनशी ओरडला, तरी गप्प. शेवटी साहेबाने फेटा वर सारला, एका कानातला बोळा ओढला अन् ह्यांच्याच हातावर ठेवला.

ह्यांनी चोळला, हुंगला.

“बनी हाय. सरकी नाही, पाणी नाही. घरच्या बाईनं हातानं पिंजला. पण साहेब, हा माल इकाऊ नाही.”

सांजेला हे परवाना घेऊन आले. मुंबईच्या गाड्या ह्यांच्यावाचून निघून गेल्या होत्या. मी पाहते तो एक कान उघडा.

“आवं, एक बोळा कुठं पाडला?”

“पाडला नाही. साहेबानं ठेवून घेतला.”

“काहून?”

“नमुना म्हणून.”